धम्मासन आणि धम्मकथिक : अधिकार की विनय?

आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंतचे तीन महिने महाराष्ट्रातील बौद्ध वस्त्यांमध्ये प्रवचनांचे असतात. विहारात, समाजमंदिरात आणि या दोहोंची सोय नसेल तेथे कुणाच्या तरी ओट्यावर 'भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचे क्रमाने वाचन होते व त्यावर विवेचन केले जाते. काही ठिकाणी भिक्खू बोलतात. बहुतेक ठिकाणी बाबासाहेबांनी १९५५ साली स्थापन केलेल्या भारतीय बौद्ध महासभेचे बौद्धाचार्य, शिक्षक, सेवानिवृत्त कर्मचारी, क्वचित एखादी उपासिका हे काम करतात. या परंपरेने गेल्या काही दशकांत जे लोकशिक्षण केले आहे, ते कोणत्याही विद्यापीठाच्या विभागाला साधलेले नाही. म्हणूनच तिची चिकित्सा आदराने, पण मोकळेपणाने झाली पाहिजे.

प्रवचन संपल्यावर श्रोत्यांमध्ये दोन प्रकारचे अभिप्राय ऐकू येतात. एक असा, की वक्ते इतके ठासून बोलतात की काही विचारण्याची सोयच राहत नाही. दुसरा असा, की वक्त्यांनाच खात्री दिसत नव्हती, मग आम्ही घरी काय घेऊन जायचे? पहिल्या तक्रारीचे लोक म्हणतात, धम्मकथिकाने विनम्र असावे. दुसऱ्या तक्रारीचे म्हणतात, त्याने अधिकारवाणीने बोलावे. या दोन मागण्या परस्परविरोधी आहेत असे गृहीत धरूनच चर्चा होते. हे गृहीतच तपासावे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

मोठ्या शहरापेक्षा खांडबाऱ्यासारख्या गावी हा प्रश्न अधिक टोकदार होतो. नंदुरबार जिल्ह्यातील (हा जिल्हा १९९८ साली धुळे जिल्ह्यातून वेगळा झाला) नवापूर तालुक्यात, सुरत-भुसावळ लोहमार्गावर हे गाव आहे. भोवतालचा प्रदेश बहुसंख्येने आदिवासी. मावची, भिली, अहिराणी, गुजराती आणि मराठी या बोली-भाषा येथे एकाच बाजारात कानी पडतात. मुंबईत किंवा नागपुरात एक प्रवचनकार पटला नाही तर दुसरा ऐकता येतो. जेथे बौद्ध घरे थोडी आणि भिक्खूंचे येणे प्रसंगोपात्त असते, तेथे वर्षातून दोन-चार वेळा बोलणारा माणूस हाच श्रोत्यांच्या लेखी धम्माचा आवाज ठरतो. त्याने चुकीचे ठासून सांगितले तर दुरुस्त करणारा दुसरा कोणी जवळ नसतो; त्याने खरे कचरत सांगितले तर धीर देणाराही दुसरा कोणी नसतो. अशा गावाला समोर ठेवून विचार केला म्हणजे हा प्रश्न वक्त्याच्या शैलीपुरता राहत नाही.

'देसना' म्हणजे काय?

प्रथम शब्दाकडे पाहू. पाली 'देसना' हा शब्द 'दाखवणे, निर्देश करणे' या अर्थाच्या धातूपासून आला आहे. आदेश, उपदेश, निर्देश, संदेश हे आपल्या परिचयाचे शब्द त्याच धातूचे. त्यांपैकी तथागतांच्या बोलण्याला परंपरेने 'धम्मादेश' म्हटले नाही, 'धम्मदेसना' म्हटले. मज्झिम निकायातील गणकमोग्गल्लान सुत्तात राजगृहाचा रस्ता विचारणाऱ्या प्रवाशाचा दृष्टान्त आहे. रस्ता नीट दाखवला तरी एक जण पोहोचतो आणि दुसरा चुकतो. दाखवणारा त्याला काय करणार? बाबासाहेबांनी हा संवाद आपल्या ग्रंथात मुद्दाम घेतला आणि बुद्ध मोक्षदाता नाहीत, मार्गदाता आहेत, हे आपले प्रसिद्ध प्रतिपादन त्याच्याशी जोडले.

याच शब्दाचा विनयपिटकातील दुसरा उपयोग मात्र आपल्याकडे फारसा सांगितला जात नाही. भिक्खूच्या हातून नियमभंग झाला तर तो दुसऱ्या भिक्खूपुढे उघडपणे कबूल करतो. या कबुलीलाही 'देसना'च म्हणतात : आपत्तिदेसना. म्हणजे धम्म दाखवणे आणि स्वतःचे उणे दाखवणे या दोन्ही क्रियांना संघाच्या भाषेत एकच शब्द आहे. जो दाखवतो, त्याने स्वतःला पडद्याआड ठेवू नये, असा या शब्दप्रयोगाचा आशय मला वाटतो. तो व्याकरणाचा निष्कर्ष नाही; माझा अर्थ आहे. परंतु पुढील विवेचनात तो उपयोगी पडेल.

अधिकाराची बाजू

धम्मकथिकाने अधिकाराने बोलावे, या मताला पाली वाङ्मयात बळकट आधार आहे. तथागतांच्या बोलण्याला अनेक सुत्तांत सिंहनादाची उपमा दिली आहे. पातिमोक्खातील ७५ सेखिय नियमांपैकी १६ नियम केवळ धम्मदेसनेविषयी आहेत. निरोगी श्रोता छत्री, काठी किंवा शस्त्र हाती धरून बसला असेल, वाहनात असेल, आडवा पडलेला असेल, तर त्याला धम्म सांगू नये. श्रोता उंच आसनावर आणि आपण खाली, अशा स्थितीतही सांगू नये.

या शेवटच्या नियमाची कथा आपल्या वाचकांनी विशेष लक्षात ठेवण्यासारखी आहे. वाराणसीचा राजा उंच आसनावर बसून आपल्या ब्राह्मण पुरोहिताकडून मंत्र शिकत असतो. पुरोहित खाली बसून शिकवत असतो. झाडावर एक चांडाळ असतो. गर्भवती पत्नीला आंबा हवा म्हणून तो राजाच्या बागेत शिरलेला आहे. खालचे दृश्य पाहून तो उतरतो आणि सांगतो की आपण तिघेही अधर्माने वागत आहोत : उंच बसून शिकणारा राजा, खाली बसून शिकवणारा ब्राह्मण आणि चोरी करणारा मी. ही कथा विनयपिटकात आहे आणि छवक जातक या नावाने जातकसंग्रहातही आहे. परंपरेनुसार तो चांडाळ म्हणजे पूर्वजन्मीचे बोधिसत्त्व होत.

या कथेतील पुरोहित खाली बसला आहे. ती नम्रता नाही. आपण असे का करतो, याचे उत्तर जातकात तोच देतो : राजाकडून त्याला उत्तम तांदळाचा आणि मांसाचा घास मिळतो. त्याचे खालचे आसन हे त्याच्या मिंधेपणाचे माप आहे. उलट चांडाळाचे बोलणे निर्भीड आहे, कारण दोष सांगताना त्याने स्वतःलाही वगळलेले नाही. देसनेचे दोन्ही अर्थ या एका माणसाच्या बोलण्यात एकत्र आलेले दिसतात. जातकाच्या गद्यात पुढे राजा प्रसन्न होतो, पण तू चांडाळ नसतास तर तुला राज्य दिले असते, असेही म्हणतो आणि रात्रीपुरता अधिकार देतो. सत्य ऐकूनही जात न विसरणारा हा राजा आपल्याला अनोळखी नाही.

नम्रतेची मागणी आपल्या समाजाकडे इतिहासात कोणी आणि कशी केली, हे विसरून या विषयावर बोलता येत नाही. जोहार घालणे, वाट सोडून उभे राहणे, आवाज खाली ठेवणे यांनाही 'नम्रता'च म्हटले जात होते. ज्यांना शतकानुशतके ऐकण्याचा आणि बोलण्याचाही अधिकार नाकारला गेला, त्यांच्यातील एक माणूस धम्मासनावर बसून ताठ मानेने, स्पष्ट आवाजात बोलतो, ही घटना स्वतःच एक धम्मदेसना आहे. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे महास्थविर चंद्रमणी यांच्याकडून त्रिशरण-पंचशील घेतल्यानंतर बाबासाहेबांनी लाखोंच्या समुदायाला स्वतः धम्मदीक्षा दिली आणि २२ प्रतिज्ञा वदवून घेतल्या. दुसऱ्या दिवशीच्या भाषणाच्या अखेरीस त्यांनी प्रत्येक बौद्धाला दीक्षा देण्याचा अधिकार असल्याचे जाहीर केले. अधिकार त्यांनी स्वतःजवळ साठवून ठेवला नाही, वाटून टाकला. खांडबाऱ्यासारख्या गावातील बौद्धाचार्य आज बोलतो, तो त्या घोषणेच्या बळावर. त्याला कोणी 'जरा खालच्या सुरात बोला' असे सुचवू लागला, तर सुचवणाऱ्याचा हेतू तपासून पाहण्याचा हक्क आपल्याला आहे.

मराठीत 'विनय' म्हणजे नम्रता. पालीत 'विनय' म्हणजे शिस्त. धम्मकथिकाकडून जी अपेक्षा करायची ती दैन्याची नाही, या दुसऱ्या अर्थाच्या विनयाची आहे.

बोलण्याची शिस्त

ही शिस्त कोणती, हे अंगुत्तर निकायातील उदायी सुत्तात सांगितले आहे. कोसंबीच्या घोषितारामात भिक्खू उदायी मोठ्या गृहस्थ समुदायाला धम्म सांगत होता. आनंदांनी ते तथागतांच्या कानी घातले. तथागतांनी कौतुक केले नाही. दुसऱ्याला धम्म सांगणे सोपे नाही, असे म्हणून त्यांनी पाच गोष्टी मनात ठेवायला सांगितल्या : क्रमाने सांगावे, कारणे दाखवून सांगावे, करुणेपोटी सांगावे, लाभाच्या इच्छेने सांगू नये, आणि स्वतःला वा दुसऱ्याला इजा होईल असे सांगू नये.

या पाचांत आवाज मोठा असावा की लहान, याविषयी एक शब्द नाही. पाचही अटी वक्त्याच्या हेतूविषयी आणि पद्धतीविषयी आहेत. क्रम व कारण यांनी बोलण्याला अधिकार येतो. करुणा, निर्लोभता आणि अहिंसा यांनी तो अधिकार श्रोत्याच्या हिताला बांधला जातो. संयुत्त निकायातील चन्दूपम सुत्तात अशुद्ध देसनेची खूणही दिली आहे. लोकांनी माझे ऐकावे, ऐकून प्रसन्न व्हावे आणि प्रसन्न होऊन ती प्रसन्नता माझ्यापाशी व्यक्त करावी, या इच्छेने दिलेली देसना अशुद्ध. हार, शाल, टाळ्या आणि भ्रमणध्वनीवर फिरणाऱ्या ध्वनिचित्रफिती यांच्या काळात या कसोटीची धार कमी झालेली नाही.

सिंहनादाची उपमा वारंवार देणाऱ्यांनी अंगुत्तर निकायातील आणखी दोन स्थळे पाहावीत. एका सुत्तात सिंह संध्याकाळी गुहेतून बाहेर पडून तीनदा गर्जना करतो, ती वाटेत सापडलेल्या लहान जीवांना सावध होण्यास अवसर मिळावा म्हणून. दुसऱ्यात सिंह हत्तीवर असो की सशावर, सारख्याच काळजीने झेप घेतो. तसेच तथागत भिक्खूंना असो की उपासकांना, अगदी अन्नाचे ओझे वाहणाऱ्यांना आणि पारध्यांनाही, सारख्याच काळजीने धम्म सांगतात. कारण ते धम्माचा गौरव करणारे आहेत. खांडबाऱ्याच्या ओट्यावर पंधरा माणसे बसली आहेत म्हणून तयारी न करता येणारा वक्ता त्या पंधरा माणसांचा अवमान करतोच, पण सुत्ताच्या भाषेत तो धम्माचा गौरव सोडतो.

निश्चित आणि अनिश्चित

एवढ्यावर प्रश्न सुटत नाही. काळजी, करुणा, निर्लोभता सर्व असूनही वक्त्यापुढे अडचण उरते : नेमके काय ठासून सांगावे आणि काय राखून? याचे सर्वांत स्पष्ट उत्तर बाबासाहेबांनीच दिले आहे आणि आश्चर्य असे की वर्षावासात तो भाग वाचला जातो, पण त्याची कसोटी प्रवचनालाच लावली जात नाही.

'भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाच्या चौथ्या खंडात बुद्धवचनांचा विपर्यास कसा झाला, याची चर्चा आहे. दीर्घकाळ मुखपाठाने जतन झालेल्या वचनांत भाणकांकडून चुका झाल्या, तथागतांच्या हयातीतही त्यांच्या तोंडी नको ते घातले गेले, हे बाबासाहेबांनी पाच सुत्तांचा निर्देश करून दाखवले आणि मग बुद्धवचन ओळखण्याच्या कसोट्या दिल्या. जे बुद्धिसंगत व तर्कशुद्ध आहे ते बुद्धवचन मानता येईल. मानवी कल्याणाशी संबंध नसलेली निरर्थक चर्चा त्यांच्या नावे खपवता येणार नाही. आणि तिसरी कसोटी : बुद्धांनी सर्व विषयांचे दोन वर्ग केले होते, ज्यांविषयी त्यांना निश्चिती होती ते आणि ज्यांविषयी नव्हती ते. पहिल्या वर्गातील मते त्यांनी निःसंदिग्धपणे मांडली. दुसऱ्या वर्गातील मते मांडली, पण तात्पुरती म्हणून.

अधिकार की विनय, हा वाद येथेच संपतो. बाबासाहेबांच्या मते तथागत दोन्ही प्रकारे बोलत होते आणि कोणत्या विषयावर कसे बोलायचे याचा त्यांचा निकष स्वच्छ होता. मज्झिम निकायातील चंकी सुत्त हेच दुसऱ्या शब्दांत सांगते. तेथे सोळा वर्षांच्या कापथिक नावाच्या ब्राह्मण तरुणाला तथागत सांगतात की एखाद्याची एखाद्या गोष्टीवर श्रद्धा असेल तर 'माझी अशी श्रद्धा आहे' एवढे म्हणण्याने तो सत्याचे रक्षण करतो. 'हेच सत्य, बाकी सारे खोटे' असे म्हणण्याचा अधिकार त्याला तेवढ्याने मिळत नाही. परंपरेने आलेले, तर्काने जुळणारे, मनाला पटणारे यांनाही हाच नियम. कालाम सुत्त आपल्याकडे सर्वांच्या ओठी असते, पण 'हा श्रमण आमचा गुरू आहे' एवढ्या कारणाने मानू नका, ही त्यातील शेवटची अट आपण आपल्या आवडत्या वक्त्याला लावतो का?

एका उदाहरणाने हे पाहू. सिद्धार्थाच्या गृहत्यागाचे प्रवचन प्रत्येक वर्षावासात होते. म्हातारा, रोगी, प्रेत आणि संन्यासी ही चार दृश्ये पाहून सिद्धार्थ रात्री घर सोडून गेला, ही कथा बाबासाहेबांनी नाकारली. एकोणतिसाव्या वर्षापर्यंत ही दृश्ये त्याने पाहिलीच नव्हती, हे त्यांना अविश्वसनीय वाटले. त्याऐवजी त्यांनी रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य व कोलिय यांच्यात झालेला तंटा, शाक्य संघाचा युद्धाचा ठराव, सिद्धार्थाचा विरोध आणि त्यातून स्वीकारलेली परिव्रज्या अशी संगती लावली. आपले वक्ते ही संगती सांगतात आणि जुनी कथा 'मनुवाद्यांनी घुसडलेली' म्हणून निकालात काढतात.

पाली साधने काय सांगतात? चार दृश्यांची रथ-सारथ्यासह कथा दीघ निकायाच्या महापदान सुत्तात आहे, पण ती विपस्सी बुद्धाची आहे, गौतमाची नाही. अंगुत्तर निकायाच्या सुखुमाल सुत्तात जरा, व्याधी व मरण यांचा विचार गौतमाच्याच मनात येतो, मात्र तेथे रथ नाही, दृश्ये नाहीत. मज्झिम निकायाच्या अरियपरियेसन सुत्तात गौतम आईवडील रडत असताना, त्यांच्या देखत केशवपन करून निघाले असे आहे. मध्यरात्रीचे पलायन नाही. सुत्तनिपातातील अत्तदण्ड सुत्तात शस्त्रधारणेतून निर्माण झालेले भय आणि आटत्या पाण्यातील माशांसारखी तडफडणारी, एकमेकांशी भांडणारी माणसे पाहून आलेला उद्वेग आहे. त्याकडे मराठी वाचकांचे लक्ष धर्मानंद कोसंबी यांनी 'भगवान बुद्ध' या ग्रंथात वेधले होते. रोहिणीचा तंटा अट्ठकथांत आहे, पण तेथे तो बुद्धत्वप्राप्तीनंतरचा प्रसंग आहे आणि तथागत तो मिटवतात. पाली चार दृश्यांची कथा जतन करणारे बौद्धच होते, हेही विसरता येत नाही.

याचा अर्थ बाबासाहेबांची मांडणी निराधार आहे असा नाही. रूढ कथेवरील त्यांचा आक्षेप जुन्या सुत्तांच्या साक्षीने भक्कम ठरतो. गृहत्यागाचे कारण माणसामाणसांतील संघर्षात शोधण्याच्या त्यांच्या दृष्टीला अत्तदण्ड सुत्ताचा आधार आहे. रोहिणीचा तंटा गृहत्यागाच्या आधी आणून संघाच्या ठरावाशी जोडणे, हे मात्र त्यांनी केलेले अर्थघटन आहे. ते करण्याचा त्यांना अधिकार होता, कारण ते करताना त्यांनी प्रश्न लपवला नाही. ग्रंथाच्या प्रास्ताविकातच त्यांनी परिव्रज्या, चार आर्यसत्ये, कर्म व पुनर्जन्म आणि भिक्खूचे प्रयोजन या चार समस्या वाचकांपुढे ठेवल्या आणि वाचकांनी त्यांच्या उकलीत भाग घ्यावा अशी अपेक्षा व्यक्त केली. ६ डिसेंबर १९५६ रोजी त्यांचे महापरिनिर्वाण झाले. ग्रंथ १९५७ साली प्रसिद्ध झाला. तो प्रश्नांनी उघडणारा ग्रंथ आहे. आपण मात्र त्याचे प्रवचन प्रश्न बंद करण्यासाठी करतो. माझा मुख्य आक्षेप या विसंगतीवर आहे.

कोणी म्हणेल, सामान्य श्रोत्यापुढे ही चिरफाड कशाला? विरोधक टपलेले आहेत; आपणच 'हे अर्थघटन आहे' म्हटले तर त्यांच्या हाती शस्त्र जाईल. ही भीती मी क्षुल्लक मानत नाही. परंतु आज पाली ग्रंथ व त्यांचे अनुवाद कुणालाही भ्रमणध्वनीवर वाचता येतात. खांडबाऱ्याहून शिकायला नंदुरबारला किंवा सुरतेला गेलेल्या मुलीला वसतिगृहात कोणी महापदान सुत्त दाखवले, तर तिच्यापुढे दोन शक्यता असतात. प्रवचनात तिने ही सर्व माहिती ऐकली असेल, तर ती शांतपणे उत्तर देईल. ऐकली नसेल, तर त्या एका गोष्टीबरोबर वक्त्याच्या बाकीच्या साऱ्या बोलण्यावरचा, कदाचित ग्रंथावरचाही, तिचा विश्वास डळमळेल. जे लपवले जाते तेच विरोधकाचे शस्त्र होते.

याच्या उलट बाजूचा दोषही तितकाच गंभीर आहे. काही सुशिक्षित वक्ते निश्चित गोष्टीही अनिश्चित करून सांगतात. जन्माने कोणी उच्च वा नीच नाही, हे वासेट्ठ सुत्तात तथागतांनी गवत, किडे, पक्षी यांच्या जातींशी तुलना करून असंदिग्धपणे सांगितले आहे. जातिभेद, स्त्रीचे दुय्यमत्व, नवससायास, अंगात येणे यांच्याविषयी '२२ प्रतिज्ञा आहेत, पण प्रत्येकाचा आपापला दृष्टिकोन असतो' अशी भाषा करणारा वक्ता विनम्र नसतो; तो कोणाला तरी दुखवण्याचे टाळत असतो. राजापुढे खाली बसलेला पुरोहित तो हाच.

महाराष्ट्रातील पहिली देसना

महावंसाच्या बाराव्या परिच्छेदानुसार तिसऱ्या संगीतीनंतर महाराष्ट्रात थेर महाधम्मरक्खित आले आणि त्यांनी महानारदकस्सप जातक सांगितले. परंपरेने नोंदलेली आपल्या भूमीतील ही पहिली धम्मदेसना. तिचा विषय मोठा बोलका आहे. मिथिलेचा राजा अंगती एका अधिकारवाणीने बोलणाऱ्या तपस्व्याचे प्रवचन ऐकतो : पुण्य नाही, पाप नाही, कशाचे काही फळ नाही. राजा ते प्रमाण मानतो आणि दानधर्म व राज्यकारभार सोडून चैनीत बुडतो. त्याला अडवते ती त्याची मुलगी रुजा. प्रतिष्ठित वक्त्याचे म्हणणे, राजपित्याची संमती, मंत्र्यांचा दुजोरा यांपैकी कशालाही न बधता ती युक्तिवाद करते.

या जातकाचा उत्तरार्ध आपल्याला जसाच्या तसा घेता येणार नाही. पूर्वजन्मांच्या स्मृती आणि नरकाची भयंकर वर्णने हा त्यातील मोठा भाग आहे. रुजाचे बोलणे पुरेसे ठरत नाही आणि शेवटी ब्रह्मलोकातून नारद येऊन राजाला भीती घालतो. पुनर्जन्माविषयी बाबासाहेबांनी जी भूमिका घेतली तिच्याशी हे जुळत नाही, हे वक्त्याने स्वच्छ सांगावे. तरीही महाराष्ट्राला सांगितलेल्या पहिल्या कथेत अधिकारवाणीला भुलणारा राजा आहे आणि तिला प्रश्न करणारी स्त्री आहे, हे लक्षणीय आहे. आपल्या प्रवचनांत उपासिका सर्वाधिक संख्येने पुढे बसतात. रुजेची जागा मात्र त्यांना अजून मिळालेली नाही.

कोणाच्या भाषेत?

अधिकाराचे एक सूक्ष्म रूप भाषेत असते. ग्रंथाची मराठी आणि मधूनमधून पाली शब्द, यांनी श्रोता दबून जातो. मज्झिम निकायाच्या अरणविभंग सुत्तात याविषयी स्पष्ट सूचना आहे. एकाच भांड्याला वेगवेगळ्या जनपदांत पाती, पत्त, वित्थ, सराव, धारोप, पोण, पिसील अशी सात नावे आहेत. ज्या जनपदात जावे तेथले नाव वापरावे. आपलाच शब्द खरा असा हट्ट धरू नये. असा हट्ट हे कलहाचे कारण होते. चुल्लवग्गात बुद्धवचन छंदस भाषेत बांधण्याची सूचना तथागतांनी फेटाळली आणि 'सका निरुत्ति'तून ते शिकण्यास अनुज्ञा दिली. बुद्धघोषांनी तिचा अर्थ मागधी असा केला; ज्याची त्याची स्वतःची भाषा, हा अर्थ प्रसंगाला अधिक जुळतो असे माझे मत आहे.

खांडबारा परिसरात घरी अहिराणी बोलणारा बौद्ध श्रोता आणि शेजारी मावची बोलणारा आदिवासी श्रोता एकाच ओट्यावर असू शकतात. 'प्रतीत्यसमुत्पाद' हा शब्द उच्चारल्याने वक्त्याचा अधिकार वाढतो, श्रोत्याचे ज्ञान वाढत नाही. पाणी अडले तर शेत सुकते, शेत सुकले तर कर्ज होते, कर्ज झाले तर घर सोडून ऊसतोडीला जावे लागते, अशी साखळी श्रोत्याच्या शब्दांत मांडून मग 'यालाच तथागतांनी अमुक नाव दिले' असे सांगणे, ही उदायी सुत्तातील क्रमाची आणि कारणाची अट आहे. आदिवासी शेजाऱ्याच्या चालीरीतींना अज्ञान म्हणून हिणवणे ही पाचव्या अटीची पायमल्ली आहे. आपल्यालाही कोणीतरी तसेच हिणवले होते.

काय करता येईल?

सूचना मोठी नाही. प्रत्येक वक्त्याने आपल्या बोलण्यात तीन स्वर वेगळे ऐकू येतील अशी सवय लावावी : असे सुत्तात आहे, असा अर्थ बाबासाहेबांनी लावला, असे मला वाटते. पहिल्या दोहोंच्या बाबतीत ग्रंथ व स्थळ सांगावे, म्हणजे श्रोत्याला स्वतः पाहता येईल. महापरिनिब्बान सुत्तातील चार महापदेसही हेच सांगतात : 'मी हे प्रत्यक्ष भगवंतांच्या तोंडून ऐकले' असे कोणी म्हणाले तरी लगेच स्वीकारू नये, नाकारूही नये, सुत्ताशी व विनयाशी ताडून पाहावे. ठाऊक नसेल तेथे 'पाहून पुढच्या रविवारी सांगतो' असे म्हणावे आणि पुढच्या रविवारी खरोखर सांगावे. आणि प्रवचनाच्या वेळेचा ठरावीक भाग प्रश्नांसाठी राखून ठेवावा. आभारप्रदर्शनाला वेळ मिळतो, तर प्रश्नांना का मिळू नये?

प्रश्न येत नाहीत, असे वक्ते सांगतात. त्याचे उत्तर त्याच सुत्तात आहे. कुशिनारा येथे अखेरच्या रात्री तथागतांनी भिक्खूंना तीनदा विचारले, कोणाला काही शंका आहे का? तीनही वेळा सर्व गप्प राहिले. तेव्हा ते म्हणाले की शास्त्याविषयीच्या आदरामुळे विचारत नसाल, तर मित्राने मित्राला सांगावे. श्रोत्याच्या मौनात आदराचा दबाव असू शकतो, हे मृत्युशय्येवरील त्या शास्त्याने ओळखले आणि तो दबाव दूर करण्याची वाटही दिली. धम्मासनावर बसणाऱ्या प्रत्येकाने प्रवचन संपवताना निदान एवढे अनुकरण करावे : तीनदा विचारावे, आणि मग थोडे थांबावे.